मैत्रिणीची गोष्ट सांगण्याचा अधिकार

एलेना फेरान्तेच्या 'लामिका जेनियाले' या कादंबरीची सुरुवात एका नाहीशा होण्यापासून होते. सहासष्ट वर्षांची लीला नेपल्समधील आपल्या घरातून निघून गेली आहे. जाताना तिने कपडे, पुस्तके, कागदपत्रे असे सारे नेले आहे आणि ज्या छायाचित्रांत ती मुलासोबत होती, त्यांतून स्वतःची आकृती कापून काढली आहे. आपला कोणताही माग मागे उरू नये, ही तिची इच्छा फार जुनी आहे. तुरीनमध्ये राहणारी तिची बालमैत्रीण, लेखिका एलेना ग्रेको ऊर्फ लेनू, ही वार्ता दूरध्वनीवरून ऐकते. ती शोधाला निघत नाही. ती रागावते, संगणक उघडते आणि आठवेल ते सारे लिहून काढावयास बसते. रोमच्या 'एदित्सिओनी ए/ओ' या प्रकाशनसंस्थेने २०११ ते २०१४ या काळात प्रसिद्ध केलेल्या चार खंडांची दीड हजारांहून अधिक पृष्ठे ही कादंबरीच्या अंतर्गत तर्कानुसार या रागाची निष्पत्ती होय. ज्या व्यक्तीला पुसले जावयाचे होते तिच्याविषयीचे, तिच्या इच्छेविरुद्ध आणि ती जिवंत असण्याची शक्यता असताना केलेले, असे हे निवेदन आहे.

या कादंबरीचतुष्टयाविषयी जे विपुल लेखन झाले आहे, त्यात दोन प्रकारचे वाचन प्रामुख्याने आढळते. एक, स्त्रियांमधील मैत्रीची हळुवार कथा म्हणून; दुसरे, महायुद्धोत्तर इटलीचा सामाजिक दस्तऐवज म्हणून. दोन्ही वाचने अयोग्य नाहीत. विशेषतः पहिल्या खंडाचा सूर खरोखरच संथ आहे. खून, मारहाण, बापाने मुलीला खिडकीतून बाहेर फेकणे, हे सारे त्यात घडते; तरी निवेदनाचे लक्ष असते ते दोन मुली एकमेकींकडे कशा पाहतात याकडे. परंतु या दोन्ही वाचनांत प्रारंभीची ती नैतिक अडचण बाजूला पडते. मैत्रीच्या नावाने मैत्रिणीची गोष्ट सांगण्याचा अधिकार मिळतो काय? आणि ज्या गोष्टीच्या नायिकेने न सांगितले जाण्याचा हट्ट धरला आहे, ती गोष्ट वाचणारा वाचक या व्यवहारात कोठे उभा असतो?

या प्रश्नाला हात घालण्यापूर्वी लेनूजवळ लेखणी आली कशी, हे पाहावयास हवे. कारण हा अधिकार तिला प्रतिभेने मिळालेला नाही. दोघींचा जन्म १९४४ चा, नेपल्सच्या एका कष्टकरी वस्तीतला. लीलाचा बाप जोडे शिवतो, लेनूचा बाप नगरपालिकेत शिपाई आहे. म्हणजे अंतर फार नाही, पण ठरावीक पगार आणि रोजची कमाई यांच्यामधील ती एक पायरी निर्णायक ठरते. इटलीच्या १ जानेवारी १९४८ पासून अमलात आलेल्या संविधानाने किमान आठ वर्षांचे शिक्षण सक्तीचे व मोफत असेल आणि गुणी विद्यार्थ्यास निर्धन असूनही शिक्षणाच्या सर्वोच्च पायरीपर्यंत जाण्याचा हक्क असेल, असे अनुच्छेद ३४ मध्ये नमूद केले. प्रत्यक्षात पाच वर्षांच्या प्राथमिक शिक्षणानंतर रस्ते फुटत. एक रस्ता प्रवेशपरीक्षा व लॅटिन यांच्यामार्गे पुढच्या विद्यालयाकडे जाई, दुसरा कामधंद्याच्या तयारीकडे. ही विभागणी मोडून सर्वांसाठी एकच माध्यमिक शाळा करणारा कायदा ३१ डिसेंबर १९६२ रोजी झाला. लीला प्राथमिक शाळेबाहेर पडली ती १९५० च्या दशकाच्या मध्यास. संविधानाचे वचन आणि त्याची कार्यवाही यांच्यामध्ये जी चौदा-पंधरा वर्षे गेली, त्याच फटीत एक विलक्षण बुद्धीची मुलगी पडली. शिक्षिका ओलिव्हिएरो लेनूच्या आईबापांचे मन वळवू शकते. लीलाच्या घरी तिचे काही चालत नाही. कादंबरीत या कायद्यांचा उच्चारही नाही आणि तेच योग्य आहे. मुलींना कायदे दिसत नाहीत, त्यांना बापाचा चेहरा दिसतो.

म्हणून लेनूच्या लेखनकर्तृत्वाच्या मुळाशी एक ऋण आहे. ते लीलाने दिलेले कर्ज नव्हे. लीलाला जे नाकारले गेले तेच लेनूला मिळाले, या योगायोगातून ते निर्माण झाले आहे. असे ऋण फेडता येत नाही, कारण ते कोणी दिलेले नसते. आणि नाकारताही येत नाही, कारण त्याच्यावरच पुढची सारी इमारत उभी असते. लेनूच्या निवेदनातील अस्वस्थता येथून येते.

समुद्राकडे जाण्याचा प्रसंग या दृष्टीने फार मोलाचा आहे. प्रवेशपरीक्षेचा प्रश्न घरोघरी गाजत असतानाच एक दिवस लीला लेनूला शाळा बुडवून समुद्र पाहावयास नेते. दोघींनी वस्तीची सीमा कधी ओलांडलेली नाही. बोगदा पार होतो, अनोळखी रस्ता सुरू होतो आणि येथे एक चमत्कारिक उलटापालट होते. नेहमी भित्री असणारी लेनू प्रफुल्लित होऊन पुढे चालू लागते. नेहमी पुढाकार घेणारी लीला मागे वळून पाहू लागते. आभाळ गडगडते, पाऊस येतो आणि लीलाच परत फिरण्याचा आग्रह धरते. घरी लेनूला मार बसतो. दुसऱ्या दिवशी तिच्या अंगावरचे वळ पाहून लीला जे विचारते, त्यातून लेनूच्या मनात एक शंका येते. एवढा अपराध घडल्यावर आईबाप लेनूचे शिक्षण बंद करतील, अशी लीलाची अपेक्षा होती काय? की असा बेत तिनेच आखला आणि अर्ध्या वाटेवर तिलाच त्याची भीती वाटली?

कादंबरी याचे उत्तर देत नाही. देऊही शकत नाही, कारण लीलाच्या मनात काय होते हे सांगणारी एकमेव व्यक्ती लेनू आहे आणि ती अंदाज करते आहे. तरीही हा अंदाज ज्या रीतीने मांडला जातो, त्यात मैत्रीची एक निर्दय व्याख्या दडलेली आहे. ऍरिस्टॉटलने 'निकोमाकसचे नीतिशास्त्र' या ग्रंथाच्या आठव्या आणि नवव्या भागांत मित्राला दुसरा 'स्व' मानले आणि श्रेष्ठ मैत्री सद्‌गुणांच्या समानतेवर आधारली. येथे मैत्रीण दुसरा 'स्व' आहेच, परंतु आपल्याला जे होता आले नाही ते होणारा. त्यामुळे तिचे भले इच्छिणे आणि तिने आपल्यामागे राहावे असे इच्छिणे, या दोन इच्छा एकाच मनात आणि एकाच वेळी वास करतात. मत्सर हा मैत्रीचा अभाव आहे, ही समजूत येथे टिकत नाही. समुद्राच्या वाटेवरून मागे फिरवणारी लीलाच पुढे वाचनालयातून पुस्तक आणून एकटीने लॅटिन शिकते आणि वाक्याचा अर्थ लावताना प्रथम क्रियापद शोधावे, हे लेनूला समजावून सांगते. शाळेत जाणारी मुलगी शाळेबाहेर राहिलेल्या मुलीकडून शाळेचा विषय शिकते. एकीचा विद्याभ्यास हा दोघींचा गुप्त व्यवहार होऊन बसतो.

अशा विषम मैत्रीला इटालियन स्त्रीवादात स्वतंत्र विचारपरंपरा लाभली आहे. मिलानच्या 'स्त्रियांचे ग्रंथदालन' या गटाने १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या 'नोन क्रेदेरे दी आव्हेरे देई दिरीत्ती' या पुस्तकात स्त्रियांमधील विषमता लपवू नये, उलट एका स्त्रीने दुसरीचे आधिक्य मान्य करून स्वतःला तिच्यावर सोपवावे, असा विचार मांडला आहे. त्याच पुस्तकात आमालिया आणि एमीलिया या दोन सामान्य स्त्रियांची हकीकत येते. कामगारांना १९७३ च्या करारानुसार मिळालेल्या 'दीडशे तासां'च्या शिक्षणवर्गात त्या एकत्र आलेल्या असतात. एमीलियाला स्वतःचे आयुष्य सांगावयाचे असते, पण ते तिला जुळवता येत नाही. तेव्हा आमालिया ते लिहून तिला देते. तो कागद एमीलिया सतत जवळ बाळगते आणि पुनःपुन्हा वाचून गहिवरते. आद्रिआना काव्हारेरो या तत्त्वचिंतिकेने १९९७ मधील आपल्या ग्रंथात या हकीकतीला मोठा अर्थ दिला. प्रत्येक 'स्व' हा कथनीय असतो, स्वतःची कथा दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याची ओढ हा मानवी अस्तित्वाचाच भाग आहे आणि ती कथा देणे हे एक नैतिक कृत्य आहे, असे तिचे प्रतिपादन आहे. फेरान्तेच्या अभ्यासकांनी लेनू-लीला यांच्या नात्याचा उलगडा करताना या हकीकतीचा आधार वारंवार घेतला आहे आणि तो बऱ्याच अंशी सार्थ आहे.

तथापि, येथेच थांबून एक भेद करावयास हवा. एमीलियाला कथा हवी होती. कागद तिच्या हाती आला आणि तिच्याच पिशवीत राहिला. लीलाला कथा नको आहे; लेनूने लिहिलेला मजकूर तिच्या हाती जात नाही, तो प्रकाशकाकडे जातो. दान आणि ताबा यांच्यातील हे अंतर आहे. काव्हारेरोच्या सिद्धांतात कथन नाकारणाऱ्या व्यक्तीसाठी पुरेशी जागा आहे काय, हा प्रश्न लीलामुळे उभा राहतो. कथनीय असणे आणि कथिले जावेसे वाटणे या एक गोष्टी नव्हेत. लीलाइतके कथनीय पात्र अलीकडच्या युरोपीय कादंबरीत विरळाच; आणि त्याच मापाने तिचा नकारही तीव्र आहे. तिसऱ्या खंडाच्या आरंभी दोघींच्या अखेरच्या भेटीत लीला लेनूला बजावते की आपल्याविषयी लिहू नये. लिहिलेच, तर संगणकात शिरून आपण ते पुसून टाकू. हे अर्धे थट्टेने आहे, अर्धे खरे. आधुनिक मराठीत ज्याला 'खाजगीपणा' म्हणतात तेवढ्यापुरता हा आग्रह मर्यादित नाही. जिला आकाराच्या कडा सुटण्याचे, माणसे व वस्तू आपल्या सीमांतून बाहेर सांडण्याचे भय आयुष्यभर पुरले, जिने २३ नोव्हेंबर १९८० च्या भूकंपात ते भय प्रथमच शब्दांत सांगितले, तिला दुसऱ्याने आखून दिलेला आकार हा आधार वाटेल की पिंजरा, हे सांगणे कठीण आहे.

पुराव्याचा प्रश्न याहून अवघड आहे. लीला असामान्य आहे, हे वाचकाला कोण सांगते? लेनू. लीलाचे स्वतःचे लेखन वाचकासमोर येते काय? एकदाही नाही. लहानपणी तिने लिहिलेली 'निळी परी' ही गोष्ट पुढे लेनूला बाईंच्या मृत्यूनंतर सापडते आणि आपल्या पहिल्या कादंबरीचा गाभा त्या बालिश पानांतून आलेला आहे, हे तिला कळून चुकते. ती पाने घेऊन ती सॉसेजच्या कारखान्यात राबणाऱ्या लीलाकडे जाते. लीला ती आगीत टाकते. त्याआधी, १९६६ च्या वसंतात, लीलाने आठ वह्या असलेली पत्र्याची पेटी नवऱ्याच्या हाती पडू नये म्हणून लेनूकडे दिली होती. उघडणार नाही, अशी शपथ घेऊन लेनूने ती आगगाडीतच उघडली. वह्या वाचल्या, आवडलेले उतारे पाठ केले आणि नोव्हेंबरातील एका संध्याकाळी पीसा शहरातील सोल्फेरीनो पुलावरून पेटी आर्नो नदीत ढकलून दिली.

हा प्रसंग दुसऱ्या खंडाच्या अगदी तोंडाशी ठेवला आहे, आणि त्याची कबुली लेनू स्वतः देते. समीक्षकांनी तिच्या या प्रांजळपणाचे कौतुक केले आहे. परंतु प्रांजळपणा म्हणजे परिमार्जन नव्हे. जिच्या प्रतिभेची साक्ष लेनू देते, त्या प्रतिभेचा एकमेव लेखी पुरावा साक्षीदारानेच नष्ट केला आहे आणि त्यातील काही भाग पाठ करून स्वतःच्या भाषेत मुरवून घेतला आहे. यापुढे लीलाविषयी जे काही वाचावयाचे ते लेनूच्या भाषेत. भाषेचा हा मुद्दा शब्दशः खरा आहे. वस्तीतील पात्रे नेपल्सची बोली बोलतात. कादंबरीत मात्र बोली जवळजवळ छापलेलीच नाही. अमुक जण बोलीत म्हणाला, एवढी नोंद येते आणि वाक्य मात्र प्रमाण इटालियनमध्ये असते. संवादातून बोली ऐकण्याची सवय ग्रामीण आणि दलित साहित्याने ज्याला लावली आहे, त्या मराठी वाचकाला ही रीत प्रथम कृत्रिम वाटेल. मात्र ती या कादंबरीची नैतिक वस्तुस्थिती आहे. लीलाचा आवाज शाळा शिकलेल्या मैत्रिणीच्या भाषांतरातूनच पोहोचतो. ज्या शाळेत तिला जाता आले नाही, त्या शाळेच्या व्याकरणात ती बोलते.

यावर एक प्रबळ आक्षेप संभवतो आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. वस्तीतील स्त्रियांना पुसून टाकण्याचे काम घर, नवरा, सावकार आणि गुंड यांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेच आहे. स्वतःला पुसण्याची लीलाची इच्छा ही त्याच हिंसेचे आत्मसात केलेले रूप नव्हे काय? तिची आज्ञा पाळणे म्हणजे त्या हिंसेला शेवटचा हात देणे. मग लेनूचे लेखन हा विश्वासघात न ठरता बचाव ठरतो. इतिहासातील मूक स्त्रियांना वाणी देण्याचा जो प्रकल्प स्त्रीवादी समीक्षेने गेल्या अर्धशतकात हाती घेतला, त्याचे सारे बळ या आक्षेपाच्या पाठीशी आहे.

आक्षेपात तथ्य आहे, पण तो लीलाच्या बाबतीत पुरता लागू पडत नाही. ज्यांना इतरांनी मुके केले, त्यांची गोष्ट सांगणे आणि जिने बोलून, लिहून, जाळून, शेवटी जाणीवपूर्वक मौन निवडले तिची गोष्ट सांगणे, यांत फरक आहे. दुसऱ्या बाबतीत सांगणारा असे गृहीत धरतो की नकार देणाऱ्या व्यक्तीला स्वतःचे हित कळत नाही. दुर्बलांच्या कैवाराचा हा सूर वस्तीतील पुरुषांच्या सुरापेक्षा सभ्य असतो. गृहीतक फारसे वेगळे नसते. लीलाजवळ नकाराची कारणेही आहेत, आणि त्यांतले एक थेट मुद्रित शब्दाशी निगडित आहे. चौथ्या खंडात एका नियतकालिकात लेनूविषयीच्या मजकुरासोबत छायाचित्र छापले जाते आणि त्यात लीलाची मुलगी तीना ही लेनूची मुलगी म्हणून दाखवली जाते. पुढे १९८४ मध्ये तीना भर रस्त्यातून नाहीशी होते आणि कधीच सापडत नाही. ज्यांनी तिला नेले त्यांना लेनूची मुलगी हवी होती, अशी शंका लीलाच्या मनात घर करते. तिला आधार नाही, आणि तिचे निरसनही होत नाही. छापील पानावर भलत्या नावाखाली असणे, याची किंमत या स्त्रीने काय मोजली असेल, याचा विचार केल्यावर माग पुसण्याच्या तिच्या हट्टाला केवळ आत्मनाश म्हणता येत नाही. जिच्या मुलीचा माग लागला नाही, ती स्वतःचाही माग ठेवत नाही.

येथे स्वाक्षरीचा प्रश्नही उपस्थित होतो. 'एलेना फेरान्ते' हे टोपणनाव आहे. १९९२ साली 'लामोरे मोलेस्तो' प्रसिद्ध झाली तेव्हापासून या लेखिकेने स्वतःला पुस्तकामागे ठेवले आहे, आणि २०१६ मध्ये एका इटालियन पत्रकाराने तिची खरी ओळख उघड केल्याचा दावा केला तेव्हा जगभरच्या वाचकांनी त्याचा निषेध केला. म्हणजे न सांगितले जाण्याचा जो हक्क निवेदिका लीलाला नाकारते, तोच हक्क लेखिका स्वतःसाठी राखून ठेवते, आणि निवेदिकेला देते स्वतःचेच पहिले नाव. यात दांभिकता पाहणे सोपे आहे. अधिक फलदायी वाचन असे की, लिहिण्याची हाव आणि पुसले जाण्याची ओढ या दोन परस्परविरोधी प्रेरणा एकाच लेखक-मनाच्या असून त्यांची वाटणी दोन मैत्रिणींत केली आहे. तसे पाहिले तर शीर्षकाचाही निर्वाळा बदलतो. 'प्रतिभावान मैत्रीण' हे शब्द वाचक पहिल्या खंडाच्या अखेरीपर्यंत लीलाला लावत आलेला असतो. पण सोळाव्या वर्षी लग्नाच्या दिवशी लेनू तिला न्हाऊ घालत असताना लीलाच ते विशेषण लेनूला देते. शिक्षणाचा खर्च उचलण्याचे आश्वासनही त्याच क्षणी देते. त्यात प्रेम आहे, आज्ञा आहे आणि आपले ओझे दुसरीच्या खांद्यावर ठेवण्याची युक्तीही आहे. पुढे लिहिलेले प्रत्येक पान या आज्ञेचे पालन आहे असे लेनू म्हणू शकेल, आणि लीला म्हणू शकेल की तिने शिकावयास सांगितले होते, आपल्यावर लिहावयास नव्हे.

वार्धक्यात लेनू 'एक मैत्री' नावाची छोटी कथा प्रसिद्ध करते. त्यात तीना आहे, बाहुल्या आहेत. पुस्तक यशस्वी होते आणि लीला संबंध तोडते. लेनूला वाटते की बाहुल्या आणि मुलगी यांची आपण घातलेली सांगड तिला सहन झाली नसावी. हेही पुन्हा लेनूचेच वाटणे. चार खंडांच्या अखेरीस लेनूला तुरीनमधील इमारतीत टपालपेट्यांवर ठेवलेले, वर्तमानपत्रात गुंडाळलेले एक पुडके मिळते. त्यात तीना आणि नू या दोन बाहुल्या असतात. साठ वर्षांपूर्वी दोघींनी एकमेकींच्या बाहुल्या तळघरात फेकल्या होत्या, त्या शोधावयास त्या हात धरून दोन आकिल्ले या सावकाराच्या दारी गेल्या होत्या, आणि तेथूनच मैत्री सुरू झाली असे लेनूने वाचकाला आरंभी सांगितले होते. बाहुल्या हरवल्या नव्हत्या काय? लीलाने त्या तेव्हाच मिळवून लपवल्या असतील, तर मैत्रीची आद्यकथाच एका फसवणुकीवर उभी आहे, आणि दीड हजार पृष्ठे सांगणारीला आपल्या गोष्टीचे पहिले प्रकरणच ठाऊक नव्हते. पुडक्यासोबत चिठ्ठी नाही. लेनू ते क्षमा म्हणून वाचू पाहते, निरोप म्हणून वाचू पाहते, उपहास म्हणूनही. शेवटी ती बाहुल्या पुस्तकांच्या पाठीशी टेकवून ठेवते आणि त्यांच्याकडे पाहत बसते.